विद्यापीठाचा जावई

मला घोड्याची भीती वाटते. हे वाक्य मी आजवर कुणापाशीही उच्चारलेलं नाही. आईला माहीत नव्हतं, बायकोला माहीत नाही, आणि ज्या महाविद्यालयात मी उमेदीची सारी वर्षं पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली तिथे तर माझी ख्याती नेमकी उलटी आहे. तिथल्या स्टाफरूममध्ये भिंतीवर एक फोटो आहे. त्यात मी फेटा बांधून, दोन हातांत दोन निशाणं घेऊन एका फळीवर उभा आहे, आणि मागे घोडे दिसतात. खाली लिहिलंय, 'विद्यापीठ व शर्यत मैदान यांचा संयुक्त उपक्रम'. नवीन लागलेले प्राध्यापक तो फोटो बघतात आणि म्हणतात, "सर, तुम्हाला घोड्यांची आवड दिसते." मी मान हलवतो. तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावावा, अशा बेताने हलवतो.

भीतीचं कारण सांगायलाही संकोच वाटतो. लहानपणी पेणच्या एसटी स्टँडबाहेर एका टांग्याच्या घोड्याने माझ्या डोक्यावरची टोपी खाल्ली. मला काही केलं नाही. टोपी उचलली, सावकाश चावली आणि चावता चावता माझ्याकडे बघत राहिला. चावला असता तर औषध लावलं असतं. त्या बघण्यावर काय लावणार? तेव्हापासून घोडा जवळ आला की माझे डोळे आपोआप मिटतात आणि एक हात तोंडापुढे येतो. मी ठरवून करत नाही. शरीर परस्पर करून मोकळं होतं.

नोकरी लागली रोह्याला, पण राहायचो पेणमध्येच. आमच्या आळीच्या तोंडाशी एक टांगेवाले काका उभे असत. टांगे तेव्हा संपत आले होते. सहा आसनी रिक्षांनी गिऱ्हाईक पळवलं होतं आणि उरलेल्या दोन-तीन टांग्यांपैकी काकांचा एक. रोज सकाळी ते म्हणत, "बसा सर, तिकडंच चाललोय." मी म्हणे, "नको काका, चालतो." आणि घोडीचं तोंड ज्या बाजूला असेल त्याच्या पार पलीकडच्या कडेने, गटाराला घासून निघून जाई.

काकांनी याचा काय अर्थ लावला होता ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. स्टँडवर ते दुसऱ्या टांगेवाल्याला सांगत होते, "आमच्या आळीतले सर बघ. एवढे शिकलेले, पण घोडीला भार नको म्हणून पायी जातात. रस्त्यातसुद्धा तिला जागा सोडून चालतात." मी दोन पावलांवर उभा होतो. त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माझ्या सगळ्या चुकांची सुरुवात अशीच होते. मी गप्प बसतो आणि लोक मला चांगला समजतात.

त्याच वर्षी विद्यापीठाने सगळ्या महाविद्यालयांना कळवलं की ज्ञान चार भिंतींत कोंडून ठेवू नये. प्रत्येकाने आसपासच्या एखाद्या संस्थेशी भागीदारी करावी, लेखी करार करावा आणि विस्तार विभागाला कळवावं. आमचे प्राचार्य कामाला लागले. त्यांनी एका भात गिरणीला विचारलं. गिरणीवाले म्हणाले, "भात आणा, भरडून देतो. आणखी काय भागीदारी पायजे?" एका पतपेढीने प्राचार्यांनाच जामीन राहण्याची गळ घातली. मुदत संपत आली तेव्हा एकच जागा उरली होती, आणि ती स्वतःहून चालत आली होती. वडखळच्या पलीकडे खारीतल्या एका गावाचं घोडागाडी शर्यतीचं मैदान.

मैदान म्हणजे भात कापून झाल्यावर टणक वाळलेली खारजमीन. त्यावर चुन्याने दोन लांब सरळ पट्टे आखायचे, एक खाडीच्या अंगाला आणि एक बांधाच्या. प्रत्येक पट्ट्यावर एक घोडा आणि त्याच्या मागे हलका छकडा. एका वेळी दोघांनी पळायचं, जिंकेल त्याने पुढच्या फेरीत जायचं, आणि शेवटी जो उरेल त्याला मानाचा नारळ आणि फेटा. पेणपासून रोह्यापर्यंतच्या गाड्या यायच्या.

या लोकांना विद्यापीठ का हवं होतं, तर त्यांच्याकडचे जावई संपले होते.

तिथला रिवाज असा, की शेवटच्या रेषेवर निकाल द्यायला गावचाच एखादा जावई उभा करायचा. हिशेब सरळ होता. निकालावरून मारामारी व्हायचीच, पण जावयावर हात कसा टाकणार? त्यामुळे निकाल काहीही लागो, पंच धडधाकट घरी जाई. पण त्याच्या बायकोचं माहेर सुटायचं. हरलेल्या घरच्या बाया तिला लग्नात, बारशाला, विहिरीवर, दिसेल तिथे गाठायच्या. "काय गो, नवऱ्याला तुझ्या दिसत नाय काय? का दिसून नाय दिसलं?" वर्षभर हेच. शेवटी मुलींनीच आपापल्या नवऱ्यांना तंबी दिली. त्या वर्षी एकेका जावयाचा नकार आला. एकाने पाय मोडल्याचं कळवलं. कळवायला तो स्वतःच सायकलवरून आला होता.

कराराची बैठक गावच्या देवळात झाली. आमच्याकडून प्राचार्य, मी आणि विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे एक अधिकारी होते. त्यांच्याकडून अध्यक्ष, जे मिठागरवाले होते, अंगाने रुंद आणि बोलायला सावकाश, आणि सगळे गाडीवाले. अधिकाऱ्यांनी भागीदारीची उद्दिष्टं वाचून दाखवली. अध्यक्षांनी ती डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "विद्यापीठाला आमच्या गावची मुलगी दिलेली नाय ना?"

"विद्यापीठ ही संस्था आहे," अधिकारी म्हणाले.

"मंजे नाय."

"नाही."

"मग हाय कबूल. पण फळीवर संस्था कशी उभी करणार? माणूस पायजे. आणि लगीन झालेला नको. लगीन झालं मंजे कुणाचा तरी जावई व्हणार, आणि त्या सासऱ्याची गाडी शर्यतीत असणार."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध स्टाफमध्ये बिनलग्नाचा पुरुष मी एकटाच होतो. "हे आमचे पदार्थविज्ञानाचे," ते म्हणाले. "वेग हा यांचा विषयच आहे."

मी घाईघाईने सुचवलं की माणसापेक्षा कॅमेरा लावावा. फोटोत भांडायला जागा राहत नाही.

"फोटो धुऊन कधी मिळल?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेणला दिला तर दोन-तीन दिवसांत."

"तंवर लोकांनी काय करायचं? हातात काठ्या घेऊन उभं राहायचं?"

एवढ्यात गाडीवाल्यांच्या घोळक्यातून कुणीतरी उठलं. आमच्या आळीच्या तोंडचे टांगेवाले काका. टांग्याची घोडी ते छकड्याला जोडून शर्यतीत पळवतात हे मला माहीत नव्हतं. "अध्यक्ष, सरांना मी ओळखतो," ते म्हणाले. "घोड्याचा जीव जाणणारा माणूस. माझ्या घोडीला भार नको म्हणून आजवर टांग्यात पाय ठेवला नाय. असा माणूस खोटं बोलायचा नाय." सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मला तिथे म्हणता आलं असतं की काका, तसं नाही, मला तिची भीती वाटते. देवळात, अधिकाऱ्यांसमोर, प्राचार्यांसमोर. मी मान हलवली.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात काकांनी मला घरी चहाला नेलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत घोडी होती, म्हणून मी चहा खिडकीतून घेता येईल का ते पाहत होतो. शेवटी मागच्या दाराने आत गेलो. काकूंना वाटलं मी घरोबा दाखवतोय.

"सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा यांना," काकूंनी कप हातात देत सुरुवात केली. "पोरानं रिक्षा घेतली ती उन्हात उभी. आणि सावलीत कोण? ही बाय."

"रिक्षाला ऊन लागत नाय," काका म्हणाले.

"आत बसणाऱ्याला लागतं ना. गिऱ्हाईक बसतंय आणि लगेच उठतंय, पाठ भाजली म्हणून."

"मग जाऊ दे की टांग्यात."

"टांग्यात कोण बसतंय? सरसुद्धा बसत नायत."

मी चहात बघत राहिलो. मग काकूंनी सगळं उलगडून सांगितलं. घरात सगळ्यांसमोर ठरलं होतं. या वर्षी घोडीने मानाचा नारळ आणला तर ती मरेपर्यंत दारात राहील, काकू स्वतः तिला चारा घालतील आणि कुणी शब्द काढणार नाही. नाही आणला तर कोलाडचा एक माणूस येऊन तिला घेऊन जाईल. तो वरातीला घोडे देतो. काकांनी याला हो म्हटलं होतं, कारण घोडी जिंकणार याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

"तुम्ही फक्त बघा सर," ते म्हणाले. "बाकी ती करते."

निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जिंकली तर जिंकली सांगा, हरली तर हरली सांगा हां. ओळखीचा माणूस म्हणून नको." काकूंना ती घोडी जायला हवी होती, पण खोटी जायला नको होती. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शर्यतीच्या दिवशी मला जावयासारखंच वागवलं. खुर्ची दिली, टॉवेल-टोपी दिली, फेटा बांधला. एका म्हातारीने पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "जावयाला आम्ही उभं ठेवत नाय रं बाबा, पण तुला उभंच राहावं लागल." दुसरी तिला म्हणाली, "खरा जावई करून टाक की गो, पोर हाय तुझी." "नको. मग पुढल्या वर्षी निशाण कोण धरल?" विस्तार विभागाचे अधिकारी बूट घालून आले होते आणि बांधाच्या कडेला एका ओल्या जागी त्यांचा एक बूट खारीने ठेवून घेतला. एका बुटावर उभे राहून ते अध्यक्षांना विचारत होते, "लाभार्थी साधारण किती?" अध्यक्ष म्हणाले, "घोडे धरून का घोडे सोडून?"

माझी फळी दोन पिंपांवर आडवी टाकलेली होती, शेवटच्या रेषेवर, पट्ट्याला अगदी लागून. खाडीच्या अंगाची गाडी जिंकली तर उजव्या हातातलं लाल निशाण वर करायचं, बांधाच्या अंगाची जिंकली तर डाव्या हातातलं हिरवं. एवढंच काम. सुरुवातीच्या फेऱ्या माझ्या पुढ्यातून सुखरूप गेल्या. दोन गाड्यांत अंतर असायचं, आणि घोडे जवळ येऊन माझे डोळे मिटायच्या आतच निकाल समजलेला असायचा. मी डोळे मिटून, हात छातीशी घट्ट आवळून थांबायचो, धुरळा पुढे गेला की डोळे उघडून बरोबर निशाण वर करायचो. लोक म्हणू लागले, "सर घाई करत नायत. विचार करून दाखवतात."

शेवटची फेरी काकांची घोडी आणि एका वीटभट्टीवाल्याचा घोडा यांच्यात लागली. काका बांधाच्या अंगाला, भट्टीवाला खाडीच्या. दोघे सुटले तेव्हा मी लांबून पाहत होतो. अर्ध्या पट्ट्यापर्यंत भट्टीवाला पुढे होता. मग काका छकड्यावर उभे राहिले आणि घोडीला हाका मारू लागले. चाबूक मारत नव्हते, नुसती हाक. घोडी सरकत सरकत बरोबरीला आली. दोन्ही तोंडं एका रेषेत, दात दिसतायत, फेस उडतोय, आणि ती दोन्ही तोंडं माझ्याकडे येतायत.

मी डोळे मिटले. आणि या वेळी हात छातीशी राहिला नाही. तोंडापुढे आला.

कानावरून वारा गेला, मग आरोळी उठली. डोळे उघडले तर दोन्ही गाड्या पार पुढे गेलेल्या, आणि सगळं मैदान माझ्या उजव्या हाताकडे पाहत होतं. तो तोंडापुढे वर झालेला होता. त्यात लाल निशाण होतं.

भट्टीवाल्याची माणसं नाचायला लागली होती. मी हात खाली घेऊ शकत होतो. अजून फार काही झालं नव्हतं. पण खाली घेऊन काय सांगायचं? पुन्हा पळवा, मी बघितलं नाही? कशाला उभा केला होता तुला, असं कुणी विचारलं तर? मी हात तसाच ठेवला. उलट जरा ताठ केला.

काका छकडा वळवून घेऊन आले. घोडी फुरफुरत होती म्हणून मी फळीवरून मागच्या बाजूला उतरलो. त्यांच्यामागे पेणची दहा-बारा माणसं आली होती आणि एकाच्या हातात छकड्याची काढलेली आडवी दांडी होती. काका अगदी हळू म्हणाले, "सर, मला वाटलं आपली पुढं व्हती."

त्या माणसाने रागावून विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो. त्यांनी असं विचारलं जणू चूक त्यांचीच असणार. आणि मी शिकवायला लागलो. मी म्हणालो, "काका, याला पॅरॅलॅक्स म्हणतात." एका बाजूने पाहणाऱ्याला जवळची वस्तू पुढे गेल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती तशी नसते. तुम्ही छकड्यावर, तिरप्या जागी. मी रेषेवर, काटकोनात. दोन बोटं धरून, एक डोळा मिटून मी त्यांना ते करूनही दाखवलं. वर्गातदेखील मी इतकं चांगलं शिकवलेलं नाही.

काकांनी आपली दोन बोटं धरली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "व्हय," ते म्हणाले. "बोट सरकतंय खरं." मग मागे वळून त्या दांडीवाल्याला म्हणाले, "ठेव ती खाली. शास्त्र हाय ते. आपल्याला दिसतं तसं नसतं."

त्या वर्षी मारामारी झाली नाही. अध्यक्ष म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांचे फेटे डोक्यावर राहिले. अधिकारी एका बुटानिशी खूश होऊन परतले आणि पुढे विद्यापीठाच्या एका सभेत ही भागीदारी आदर्श म्हणून सांगितली गेली. विज्ञानाने गावातला तंटा मिटवला, असं प्राचार्यांनी भाषणात म्हटलं. टाळ्या वाजल्या. मला शाल मिळाली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी काका आळीच्या तोंडाशी नुसतेच उभे होते. टांगा नाही, घोडी नाही. कोलाडचा माणूस आदल्या दिवशी येऊन गेला होता. मी सवयीने रस्त्याच्या पलीकडे जायला वळलो आणि लक्षात आलं की आता पलीकडे जायचं काही कारण नाही. "आता बसा म्हणायला काय नाय सर," ते हसून म्हणाले. मग स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्या सबंध वाटेत मी त्यांच्याशी हवामानाबद्दल बोललो.

काकांना पॅरॅलॅक्स मात्र फार आवडला. सून रागावलेली दिसली की ते काकूंना सांगत, "रागावलेली नाय ती, तू तिरपी बसलीयस." निवडणुकीत आपल्या आळीचा माणूस पडला तेव्हा त्यांनी मतपेटीलाही पॅरॅलॅक्स लावला. आणि प्रत्येक वेळी, मी दिसलो की, सोबतच्या माणसाला सांगत, "हे आमचे सर. माझ्याविरुद्ध निकाल दिला, पण बरोबर दिला." मी बाजारात त्यांना लांबून पाहिलं की भाजी न घेता परत येऊ लागलो. घरी आई विचारायची, "पिशवी रिकामी कशी?" मी म्हणायचो, "मिळालं नाही काही." ऐन हंगामात.

त्याच सुमाराला अध्यक्षांचा निरोप आला, पुढल्या वर्षीही विद्यापीठाचा जावईच हवा. मला झोप लागेना. दरम्यान रोह्याहून एक स्थळ सांगून आलं. मी कुठल्याही गोष्टीला वेळ लावणारा माणूस. या वेळी मी मुलीच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात कुणाची शर्यतीची गाडी पळते का?" ते जरा ओशाळून म्हणाले, "आतेभावाची पळते. तुम्हाला चालत नसेल तर—" मी म्हणालो, चालतं. मी तिथेच होकार दिला. म्हणजे आता फळीवरून माझी सुटका झाली. मुलगी पुढे मला फार आवडली, संसार चांगला झाला, पण होकाराची घाई कसली होती हे तिला इथेच पहिल्यांदा कळतंय.

सुटका झाली असं मला वाटलं. पण सासऱ्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की जावई घोड्यांच्या शर्यतीचे पंच. अशा माणसाची वरात चालत काढायची? लग्नाच्या संध्याकाळी रोह्यात बँडवाल्यांच्या घोळक्यात झुली, गोंडे आणि आरसे लावलेला एक घोडा उभा होता. चार जणांनी मला उचलून वर ठेवलं. मी मुंडावळ्यांच्या आड डोळे मिटून घेतले. बायकांना वाटलं, जावई लाजाळू आहे.

वरात थोडी पुढे गेली आणि घोडा एकदम थांबला. मग वळला. धरणारा ओढत होता, बँडवाले बाजूला होत होते, आणि घोडा रस्ता सोडून पाहुण्यांच्या गर्दीत शिरला. मला वाटलं, संपलं. मग तो उभा राहिला आणि खालून ओळखीचा आवाज आला, "आली गो बाय, आली."

घोडी होती. काकांची. पेणहून काका आणि काकू लग्नाला आले होते, मीच बोलावलं होतं, न बोलावणं बरं दिसलं नसतं. कोलाडच्या माणसाने नेमकी तीच पाठवली होती. घोडीने काकांच्या खांद्यावर तोंड ठेवलं होतं आणि मी वर, तिच्या पाठीवर, दोन्ही हातांनी तिची आयाळ धरून बसलो होतो. लोक हसत होते. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मला वरून दिसलं नाही.

काकांनी धरणाऱ्याकडून लगाम घेतला. "मी आणतो," ते म्हणाले. "माझ्याबरोबर येईल ती." आणि मांडवापर्यंत सगळी वरात त्यांनी चालवली. कुणी विचारलं तर सांगत होते, "ओळखीची हाय आमची." बँड पुढे होता, गर्दी मागे. आमच्या दोघांत काय बोलणं होईल ते तिसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं. खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नाही. मी म्हणालो, "काका."

त्यांनी वर पाहिलं. माझे डोळे मिटलेले, मान खांद्यात रुतलेली, उजवा हात आयाळ सोडून तोंडापुढे आलेला. मला हे कळत होतं, पण हात खाली येत नव्हता.

त्यांनी लगाम जरा आखडून घोडीची चाल मंद केली. मग म्हणाले, "डोळे उघडा सर. काय करत नाय ती."

मी उघडले. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग पुढे बघू लागले. मांडवाशी मला उतरवून त्यांनी लगाम त्या धरणाऱ्याला परत दिला, घोडीच्या कपाळावर एकदा हात ठेवला आणि काकूंबरोबर पंगतीला जाऊन बसले. जेवले. आहेर दिला. जाताना मला म्हणाले, "येतो सर." त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासमोर पॅरॅलॅक्स हा शब्द काढलेला नाही. मी निकाल बरोबर दिला, असंही त्यांनी कुणाला कधी सांगितलेलं नाही. मला पाहून नुसते हसतात आणि विचारतात, "बरं हाय ना?"

शर्यतींवर पुढे बंदी आली, मग उठली. आमचा करार कधी संपला ते कुणी कळवलं नाही. घोडी कोलाडला म्हातारी होऊन गेली, असं ऐकलं. काका आता ऐंशीच्या घरात आहेत, काकूही आहेत, त्याच दोन खोल्यांत. पडवीत मुलाची रिक्षा उभी असते. मी त्या आळीतून जातो तेव्हा अजूनही मागच्या दाराच्या बाजूने जातो.

मी त्यांचं एक बोलणं देणं लागतो. शेवटच्या फेरीत माझे डोळे मिटलेले होते, कोण पुढे होतं ते मला माहीत नाही, आणि पॅरॅलॅक्स मी त्यांना गप्प करायला सांगितला. हे मला त्यांच्या घरी जाऊन, काकूंसमोर, तोंडाने सांगायचं आहे. इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ते अजून बाकी आहे.